मागच्या सीटचा नंबर

जेवणाच्या टेबलावर नकाशा अंथरला आणि घरातल्या बायका एकदम बोलायला लागल्या, तेव्हा बाबांना अगदी निवांत वाटलं. तुम्ही म्हणाल, हा कसला माणूस! चार जणी एका वेळी बोलताहेत, त्यातल्या दोघी तर चक्क भांडताहेत, आणि याला निवांत वाटतंय? पण बाबांचं तसंच होतं. तीस-पस्तीस वर्षं शिलाई मशीनं दुरुस्त केलेला माणूस तो. खडखड करणाऱ्या मशीनची त्यांना कधी भीती वाटली नाही. खडखड कुठून येते ते कान देऊन ऐकायचं, दोन स्क्रू सैल करायचे, तेल सोडायचं, झालं.

नकाशाच्या चार कोपऱ्यांवर चार वजनं ठेवली होती: एक जुनी कात्री, तेलाची कुपी, कलिंगडाच्या फोडींची ताटली आणि आत्याची पर्स. पर्स सगळ्यात जड होती.

"या वर्षी माझा नंबर," धाकटी म्हणाली. "यात बोलण्यासारखं काही नाहीच. मागच्या उन्हाळ्यात ताईचा होता, म्हणून आता माझा. साधा हिशोब आहे."

"मागच्या उन्हाळ्यात आत्या गेली होती," थोरली म्हणाली.

"मधल्या ताईच्या नंबरावर गेली होती! म्हणजे नंबर तिचाच धरायचा."

"अगं, पण मी दोन महिन्यांनी इथे नसणार. यांची बदली झालीय, माझी नव्या दवाखान्यात नर्सची नोकरी. पुन्हा उन्हाळ्यात सुट्टी मिळेल की नाही देव जाणे. तू काय, अजून कॉलेजात आहेस. तुझ्यापुढे उन्हाळेच उन्हाळे!"

"हे बरंय! लहान आहे म्हणून मी कायम थांबायचं!"

आत्याने कलिंगडाची फोड उचलली आणि थोरलीची बाजू घेतली. आत्या बाबांची मोठी बहीण, पोस्टातून निवृत्त झालेली, आणि बाजू घेतल्याशिवाय तिला कलिंगड गोड लागत नसे. "थोरली जाऊ दे यंदा. सासरी गेलेलं माणूस आहे, पाहुणीचा मान असतो."

"वा! आठवड्यातून तीनदा येणारी पाहुणी!" आई म्हणाली. आईने धाकटीची बाजू धरली होती, निदान त्या घटकेपर्यंत तरी. "नियम म्हणजे नियम. तुम्हीच केलात ना हो तो?"

'हो' हे बाबांना होतं. बाबांनी मान डोलावली आणि चहाचा घोट घेतला.

नियम त्यांनीच केला होता, हे खरं. मोटरसायकलला मागची सीट एक आणि मुली तीन. म्हणून एका उन्हाळ्यात एकच मुलगी, सहा दिवस. आधी थोरली, मग मधली, धाकटी मोठी झाल्यावर तीही, आणि पुन्हा पहिल्यापासून. जिचा नंबर तिने रस्ता निवडायचा, बाबांनी तोंडातून चकार शब्द न काढता गाडी हाकायची. आणि याहून मोठा दुसरा नियम: मागच्या सीटवरून काहीही बोललेलं चालेल. बाबा वळून बघणार नाहीत, चिडणार नाहीत, आणि गाडी थांबेपर्यंत उत्तरही देणार नाहीत.

हे सुचलं ते थोरली बारा वर्षांची झाली तेव्हा. तोवर अंगाखांद्यावर खेळणारी पोर एकाएकी बापाशी बोलेनाशी झाली. 'काय झालं?' म्हणून विचारलं की 'काही नाही.' खोलीचं दार लावून घ्यायची. बाबा हवालदिल झाले. वेणी घालायला शिकले होते, शाळेचे गणवेश स्वतः मशीनवर शिवले होते, गोवर-कांजिण्यांत रात्रंदिवस बसले होते. पण बंद दाराशी काय बोलायचं ते त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. समोरासमोर बसून मनातलं बोलणं त्यांनाही जमत नसे. मग एके दिवशी त्यांनी तिला मागे बसवलं आणि गावाबाहेर काढलं. तासाभराने मागून आवाज यायला लागला. शाळेतली मैत्रीण, बाईंनी केलेला अपमान, सगळं भडाभडा. बापाचा चेहरा दिसत नाही म्हटल्यावर पोरीची जीभ सुटली.

तेव्हापासून नातेवाइकांत बाबांचं नाव झालं. 'याच्या मुली बापाशी सगळं बोलतात हो!' लग्नाकार्यात बायका आपल्या नवऱ्यांना कोपर मारून दाखवायच्या. बाबा वरवर 'छे, छे' म्हणायचे आणि आतून फुलायचे. आयुष्यात त्यांनी फार काही कमावलं असं नाही, पण ही एक गोष्ट आपल्याला साधली, असं त्यांना मनापासून वाटे.

फक्त त्यात एक गोम होती. ती त्यांनी आजवर कुणालाही सांगितली नव्हती, आईलासुद्धा नाही. मागच्या सीटवरचं त्यांना निम्मं ऐकूच येत नसे.

पहिल्या वर्षी गाडी हळू होती आणि डोक्यावर टोपी होती, तेव्हा ऐकू यायचं. पुढे हेल्मेट आलं, रस्ते मोठे झाले, वारा कानात घोंगावू लागला. मागून मुलगी बोलतेय एवढं पाठीला कळायचं. काय बोलतेय ते वाऱ्यावर. सुरुवातीला त्यांना वाटलं, थांबून विचारावं. पण पोर पोटातलं बोलतेय, आणि 'काय म्हणालीस, पुन्हा सांग' म्हणायचं? जीव धजेना. मग गाडी थांबली की ते पोरीच्या तोंडाकडे बघून अंदाजाने काहीतरी म्हणायचे. थोरलीने आपल्या लग्नाचं सांगितलं तेव्हा शेजारून खडीचा ट्रक चालला होता. बाबांना 'आवडतो' एवढंच ऐकू आलं. कोण आवडतो, काय आवडतो, चहा आवडतो की डोंगर आवडतो, पत्ता नाही. थांबल्यावर ते म्हणाले, "बरं आहे की!" आणि थोरलीने रस्त्यातच त्यांना मिठी मारली. जावयाचं नाव त्यांना घरी आल्यावर आईकडून कळलं. धाकटी परीक्षेत नापास झाल्याचं रडत रडत सांगत होती, तेव्हा त्यांना नुसतं हुंदक्यांनी सीट हलतेय एवढं समजलं. ते म्हणाले, "होतं असं कधी कधी." आणि धाकटी आजही मैत्रिणींना सांगते, माझे बाबा म्हणजे देवमाणूस!

नशीब बलवत्तर, दुसरं काय.

"बाबा, तुम्ही बोला ना!" धाकटीने नकाशावर चापट मारली. "आणि ऐका, निम्मा रस्ता गाडी मी चालवणार. लायसन्स मिळालंय आता मला."

"बघू पुढे," बाबा म्हणाले.

"म्हणजे नाही!" तिघी-चौघी एका सुरात ओरडल्या, आणि भांडण विसरून सगळ्या हसल्या. त्या घरात 'बघू पुढे' म्हणजे काय, हे शेजाऱ्यांनासुद्धा माहीत होतं.

मधली हसली ती जरा मागाहून. ती टेबलाच्या टोकाशी पेन्सिलीला टोक करत होती. जमीनमोजणीच्या कचेरीत ती नकाशे काढायची, आणि दरवर्षी जिचा नंबर असेल तिच्यासाठी प्रवासाचा नकाशा तीच काढून देई. पेट्रोलच्या टाकीवरच्या पारदर्शक पिशवीत बसेल एवढा, सहा दिवसांचे सहा कागद, बारीक सुबक अक्षर. तिच्यापुढे आत्ताही दोन वेगवेगळे कागद होते. कोण जिंकेल ते ठाऊक नव्हतं, म्हणून तिने थोरलीचा समुद्राचा रस्ता आणि धाकटीचा डोंगराचा, दोन्ही काढायला घेतले होते.

"याला काय विचारता?" आत्या म्हणाली. "याला ऐकू तरी येतं का? मागच्या वर्षी मी तीनदा ओरडले, अरे थांब, माझा पाय आखडला! हा आपला सुसाट. शेवटी पाठीत बुक्की घातली तेव्हा थांबला मेला."

सगळ्या पुन्हा हसल्या. बाबाही हसले. पण लगेच घाईघाईने त्यांनी विषय बदलला.

"हे बघा, भांडू नका. थोरले, तू समुद्राचा रस्ता म्हणतेस, पण तो लाकडी पुलाचा रस्ता आपण केलाय की. दोन वर्षांपूर्वी, मी आणि मधली. काय मजा आली होती! पुलाच्या अलीकडेच ही म्हणाली, बाबा, इथे थांबा, फळ्या निसटल्यात, गाडी हातात धरून न्या. आणि पुढे ते वळण, तिथेही आधीच म्हणाली, हळू घ्या, कडेला वाळू असते. नसती म्हणाली तर आडवेच झालो असतो आम्ही."

थोरलीने फोड ताटलीत ठेवली. "बाबा, ती मी होते."

"छे गं. मधलीच. तिची चप्पल नाही का पुलावरून पाण्यात पडली?"

"माझी चप्पल पडली! अनवाणी बसले होते मी दोन दिवस! बाबा, कमाल आहे हं तुमची."

"मग ते वळणाचं कोण म्हणालं?"

"मी कशाला म्हणू? मला कुठे ठाऊक होतं वळण? ते हिच्या नकाशावर लिहिलं होतं. तुम्हीच मोठ्याने वाचून दाखवलंत मला."

बाबा मधलीकडे बघत राहिले. खरंच की. 'हळू घ्या, बाबा, कडेला वाळू असते.' निळ्या पेनाने, वळणाच्या अगदी बाजूला. 'इथे चहा बरा मिळतो. पाणी भरून घ्या, पुढे विहीर नाही. उन्हात थांबू नका, गुडघ्याची गोळी घेतलीत का?' शब्दन् शब्द त्यांना आठवत होता, आणि आवाज आठवत होता तो मधलीचा. वाऱ्यात न हरवलेलं असं एवढंच बोलणं त्यांच्यापाशी होतं, आणि म्हणून आठवणीतल्या प्रत्येक प्रवासात त्यांनी तिलाच मागे बसवून टाकलं होतं!

"थांबा जरा," आई हळूच म्हणाली आणि बोटांवर मोजायला लागली. "मागच्या वर्षी हिने वन्संना पाठवलं. त्याआधी थोरली. त्याआधी धाकटी. त्याआधी हिचाच नंबर होता, पण माझं गुडघ्याचं ऑपरेशन निघालं आणि तुम्ही कुणीच गेला नाहीत. मग थोरली, मग धाकटी..." आई थांबली. "तू शेवटची कधी गेलीस गं?"

"मी?" मधली पेन्सिलीकडे बघत म्हणाली. "झाली असतील सात वर्षं. काय त्यात एवढं? मला काही वाटलं नाही."

आधी धाकटी बोलली. "ताई, यंदा तू जा. अगदी खरंच."

"हो, हो, तूच जा," थोरली म्हणाली. "मी आपली उगाच हट्ट करत होते."

"आणि मला मागच्या वर्षी सांगायचंस ना!" आत्या पदर सावरत म्हणाली. "मी काय, मला हौस होती एकदा बसायची. तू म्हणालीस, आत्या, जा, म्हणून गेले हो मी."

"कुणीही जा गं," मधली म्हणाली. "मला खरंच नको आहे." तिने दोन्ही कागद नीट एकावर एक ठेवले. "आत इस्त्री चालू राहिलीय बहुतेक." आणि तिने काढता पाय घेतला.

इस्त्री चालू नव्हती. बाबांनी दुपारी स्वतः प्लग काढून ठेवला होता.

ती बाबांच्या कामाच्या खोलीत सापडली. खिडकीशी टेबल, त्यावर शिवणवर्गाच्या बाईंचं मशीन उघडून ठेवलेलं, बशीत स्क्रू, कापडावर शटल आणि बॉबिनची डबी. मधली स्टुलावर बसून जुन्या ब्रशने कापड पुढे सरकवणाऱ्या दातऱ्यांतला कापूस काढत होती. लहानपणापासून तिला राग आला किंवा रडू आलं की ती मशीन पुसायला बसायची. बाबांना वाटायचं, किती गुणी पोर आहे!

त्यांनी दुसरं स्टूल ओढलं. समोरासमोर बसले. घसा खाकरला.

"का नको गं तुला?"

"असंच."

"असंच म्हणजे?"

"बाबा, जाऊ दे ना."

"नाही जाऊ देणार," बाबा म्हणाले. त्यांनाच नवल वाटलं. "तीनही मुलींत तू कधी भांडली नाहीस. मला वाटायचं, चला, एकीची तरी काळजी नाही. इतकी वर्षं मी त्यातच सुखी होतो. आता मला वाटतंय, मी मूर्ख आहे."

मधलीने ब्रश खाली ठेवला. म्हणाली, "मी शेवटची आले होते तेव्हा तुम्हाला एक विचारलं होतं. आठवतं?"

बाबांनी बशीतला एक स्क्रू उचलला आणि परत ठेवला. "काय विचारलं होतंस?"

"तलावाच्या कडेकडेने रस्ता जातो, तिथे. मी विचारलं, बाबा, समुद्राच्या तळाची मोजणी करणारं जहाज असतं, त्यावर नकाशे काढायला माणसं घेतात. दोन वर्षांचं काम. जाऊ का? आधी चार दिवस शब्द जुळवत होते मी. नियम होता म्हणून उत्तराची वाट पाहिली. तुम्ही चहाच्या टपरीवर थांबलात. मी विचारलं, ऐकलंत ना? तुम्ही म्हणालात, हो, ऐकलं." ती हसली, पण ते हसू नीट उमटलं नाही. "आणि म्हणालात, बघू पुढे."

बाबांना टपरी आठवली. चहा आठवला, तो गोडमिट्ट होता. मुलीचे मोठे झालेले डोळे आठवले. अंदाज बांधायला गेलो आणि काही बांधता येईना, म्हणून सगळ्यात निरुपद्रवी वाटलं ते बोललो, हेही आठवलं. निरुपद्रवी!

"पोरी," ते म्हणाले, "मला ऐकू आलं नव्हतं."

"काय?"

"एक अक्षर नाही. वारा होता. मला तुम्हा कुणाचंच धड ऐकू येत नाही मागून, कित्येक वर्षं. थोरलीचं लग्न ऐकलं नाही, धाकटीची परीक्षा ऐकली नाही. मी आपला तोंड बघून बोलतो. लाज वाटायची सांगायची. सगळे म्हणत, मुली बापाशी बोलतात. मी कुठल्या तोंडाने सांगू, की बाप बहिरा आहे?"

मधली त्यांच्याकडे बघतच राहिली. बाबांना वाटलं, आता ही रडेल, ओरडेल, उठून जाईल. आणि जावंच तिने. सात वर्षं! सात वर्षं या पोरीने एका चहाच्या टपरीवरचे दोन शब्द छातीशी धरून मोजणीच्या कचेरीत लोकांच्या कुंपणांच्या रेघा ओढल्या.

"ऐकू आलं असतं तर काय म्हणाला असतात?" तिने विचारलं.

खोटं बोलायची ही केवढी छान संधी होती! बाबांनी मशीनचं चाक उगाच अर्धं फिरवलं. "नाही म्हणालो असतो. सरळ नाही. तू बावीस वर्षांची, समुद्र, जहाज... मला झोप लागली नसती."

मधलीच्या तोंडून एकदम हसू फुटलं, आणि मग डोळ्यांतून पाणी, दोन्ही एकदम. "मग काय फरक पडला, बाबा?"

"पडला. तू भांडली असतीस. मी नाही म्हटल्यावर भांडता येतं. बघू पुढे म्हटल्यावर माणसाने कुणाशी भांडायचं?"

तिने हाताच्या पाठीने नाक पुसलं आणि पुन्हा ब्रश घेतला. मग सहज सांगावं तसं म्हणाली, "त्यांचं पत्र आलंय. दहा दिवस झाले. मी पुन्हा अर्ज केला होता, गंमत म्हणून. उन्हाळा संपता संपता बंदरावर हजर व्हायचंय. उद्यापर्यंत कळवायचं आहे. मी नाही असं लिहून ठेवलंय. आईचा गुडघा, ताईही चालली, धाकटीचं शेवटचं वर्ष. घरी कुणीतरी..."

"फाड ते."

"बाबा..."

"मला विचारू नकोस," बाबा म्हणाले. आवाज चढला होता, तो त्यांनी खाली आणला. "मी विचारण्याच्या लायकीचा नाही. मला अजूनही झोप लागणार नाही. विचारलंस तर मी पुन्हा काहीतरी भलतंच बोलेन. तू ठरव, आणि मला नुसतं सांग."

बाहेर टेबलावर तोवर फौज फुटून नवी फौज तयार झाली होती. थोरली आणि धाकटी आता एका बाजूला होत्या आणि दोघी मिळून आत्याला बोल लावत होत्या. बाबा मधलीला पुढे घालून आले, खुर्ची ओढून बसले, आणि पाण्यात उडी मारणाऱ्या माणसासारखं एका दमात सगळं सांगून टाकलं. वारा, हेल्मेट, अंदाज, सगळं.

पहिली उठली थोरली. "म्हणजे माझं लग्न? तुम्ही 'बरं आहे की' म्हणालात ते?"

"मला वाटलं, हवा आवडतेय तुला."

"हवा!" थोरलीने कपाळाला हात लावला. "हवेच्या भरवशावर मी संसार मांडला! यांना काय सांगू मी आता?"

"आणि माझी परीक्षा?" धाकटी किंचाळली. "होतं असं कधी कधी?"

"होतंच की," बाबा ओशाळून म्हणाले.

आत्या खुर्चीत मागे रेलून खो-खो हसत होती. "मी ओरडून ओरडून सांगतेय, याला ऐकू येत नाही! पण पोस्टातल्या बाईचं कोण ऐकतो?" आई हसत नव्हती. ती बाबांकडे अशा नजरेने बघत होती, की बाबांना कळलं, हिच्याशी वेगळं आणि सविस्तर बोलावं लागणार. मग आईची नजर मधलीकडे गेली. "आणि तुझं काय राहून गेलं गं, वाऱ्यावर?"

मधलीने सांगितलं. जहाज, दोन वर्षं, बंदर, पत्र. सांगताना ती टेबलाच्या कडेला नखाने खरवडत होती. ठरवलंय असं मात्र ती म्हणाली नाही, उद्यापर्यंत कळवायचंय एवढंच म्हणाली.

"माझ्या गुडघ्याची सबब सांगू नकोस हं," आई म्हणाली. "माझी मी समर्थ आहे."

"बंदर इथून तीन दिवसांच्या रस्त्यावर," थोरलीने नकाशावर वाकून बोट फिरवलं. रुसवा ती विसरून गेली होती. "जाताना ही बाबांच्या मागे जाईल. मी बसने बंदरावर येते, आणि परतताना मी बसेन. सुट्टी तीन दिवसांचीच पुरते मला. झालं की!"

"आणि मी?" धाकटी म्हणाली.

"पुढच्या वर्षी तू."

"पुढच्या वर्षी मी चालवणार, आणि बाबा मागे!"

"बघू पु..." बाबा म्हणाले, आणि चारही बाजूंनी असा गिल्ला झाला की त्यांनी दोन्ही हात वर केले. "नाही, नाही! बघू म्हणजे खरंच बघू! आधी मला ट्रकच्या शेजारून चालवून दाखव."

"पण ते ऐकण्याचं काय करायचं?" थोरलीने नर्सच्या आवाजात विचारलं. "कान तपासून घ्या आधी. उद्याच. मी वेळ घेते. आणि तरी नाही ऐकू आलं तर?"

"ऐकू आलं की हॉर्न वाजवायचा," धाकटी म्हणाली. "नाही वाजला तर पुन्हा सांगायचं. तिसऱ्यांदा नाही वाजला तर बुक्की."

"ही खरी माझी भाची!" आत्या म्हणाली.

आत्याला तर तिथल्या तिथे करून बघायचं होतं. संध्याकाळचं ऊन अजून अंगणात होतं. बाबांनी मोटरसायकल भिंतीपासून काढली, हेल्मेट घातलं, इंजिन सुरू केलं आणि मुद्दाम जरा जास्तच फिरवलं, वाऱ्याची भरपाई म्हणून. धाकटी आधी बसली आणि म्हणाली, बाबा गाढव आहेत. हॉर्न वाजला. थोरली बसली आणि काहीतरी पुटपुटली. हॉर्न वाजला नाही, दुसऱ्यांदाही नाही. तिसऱ्यांदा बुक्की बसली. समोरच्या घरातले म्हातारे गृहस्थ खिडकीत आले आणि आईने त्यांना हातानेच सांगितलं की काही नाही, आमच्या घरचा खेळ चाललाय.

मग मधली आली. सात वर्षांनी ती त्या सीटवर बसली. बाबांना पाठीवर तिच्या गुडघ्यांचा, हातांचा भार जाणवला. त्यांनी मान वळवली नाही. नियम होता. समोरच्या भिंतीकडे बघत ते थांबले.

मागून आवाज आला. खूप हळू होता. इंजिनाच्या घरघरीत नुसता एक श्वास लागल्यासारखा. अंदाजाने त्यांना कळलंच होतं, ती काय म्हणाली असेल. अंगठा हॉर्नवरच होता. पण बाबांनी तो दाबला नाही.

"पुन्हा," ते म्हणाले.

"मी जातेय," ती म्हणाली, जरा मोठ्याने.

आता अर्धं ऐकू आलं होतं. त्यांनी डोकं हलवलं. "पुन्हा!"

मधली पायदानांवर उभी राहिली, त्यांच्या खांद्यावर दोन्ही हात रोवले आणि कानाशी तोंड नेऊन इतक्या जोरात ओरडली, की समोरचे गृहस्थ दचकले: "बाबा, मी जातेय!"

बाबांनी हॉर्न दाबला. डोळ्यांपुढची भिंत त्यांना नीट दिसत नव्हती, आणि हेल्मेटच्या काचेमागे ते कुणाला कळण्यासारखंही नव्हतं. मागे मुलगी हसत होती, आई दारातून 'अहो, पुरे!' म्हणत होती, आत्याने कानांवर हात ठेवले होते. गल्लीतली आणखी दोन दारं उघडली तरी त्यांनी अंगठा काढला नाही.